पाव्हण्यापुढे गाऱ्हाणं

ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. "न्हाऊक जातंय, न्हाऊक जातंय," असं अंगणातल्या माडांना ऐकवून आंघोळीला जात आणि "इलंय, इलंय" म्हणत बाहेर येत. तीसेक वर्षं एसटी स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या, त्याचा हा परिणाम. पण त्यांच्या लेखी ती सवय नव्हतीच, शास्त्र होतं. "पयल्यांदा सांगला की माणूस आयकणा नाय, नुसती मान वर करता. दुसऱ्यांदा आयकता." त्यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आतून म्हणायच्या, "माका पयल्यांदाच आयकाक येता." तेही रोज. त्यामुळे त्या घरात एक गोष्ट तीनदा व्हायची.

निवृत्त झाले तरी मालवणात त्यांना सगळे कंट्रोलरच म्हणत. मीही तेच म्हणायचो. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवून बरेच महिने झाले. दर वेळी वही उघडतो, त्यांच्या गमती लिहितो आणि बंद करतो. कारण गमती संपल्या की पुढे माझी पाळी येते.

मी इथला नव्हे. माझं गाव बुलढाण्याकडचं. समुद्र सोडा, आमच्या नदीलाही पावसाळ्यापुरतंच पाणी. नववीत गणितात नापास झालो. मास्तरांच्या मते डोकं कमी होतं. खरं कारण असं की न कळलेलं मला विचारता यायचं नाही. हात वर करायच्या आधीच कान तापायचे. त्याच वर्गात परत बसायची लाज वाटली म्हणून शाळा सोडली, चार ठिकाणी पडेल ते काम केलं, आणि शेवटी चुलतभावाच्या ओळखीने तारकर्लीच्या एका लॉजवर आलो. भांडी घासायची, खोल्या झाडायच्या.

कंट्रोलर मला पहिल्यांदा दिसले ते तिथे. लॉजच्या मालकाला खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर हवं होतं आणि ते काम या खाकी पँटीतल्या, काखेत लांबडी वही धरलेल्या म्हाताऱ्याने घेतलं होतं. ते ऑफिसात बसलेच नाहीत. थेट स्वयंपाकघरात आले, मालकापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि स्टँडवरच्या आवाजात वाचू लागले, "बा म्हाराजा, एका खोलीत एका वक्ताक एकच गिरायक ऱ्हवतला." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मला वाटलं, कसली तरी पूजा आहे. मी ओल्या हातांनीच नमस्कार केला.

नंतर कळलं. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस एकेक मागणं मोठ्याने मांडतो, आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय हवं ते देवाला नेमकं सांगायचं, मोघम नाही, आणि सगळ्यांच्या साक्षीने सांगायचं. कंट्रोलरांचं म्हणणं, सॉफ्टवेअरचंही तसंच. कंपन्यांतली माणसं याला स्पेसिफिकेशन म्हणतात हे मला पुढे समजलं. आम्ही गाऱ्हाणंच म्हणायचो.

त्या दिवशी वाचता वाचता ते एका वाक्यावर आले, "पयला गिरायक अकराक खोली सोडतला, दुसरा अकराकच येतला." सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. माझ्या तोंडून शब्द आला नाही. त्यांनी वही खाली केली. माणसं काय म्हणतात यापेक्षा कोण गप्प राहिलं याकडे त्यांचा कान असायचा. "तू गप कित्याक?" त्यांनी विचारलं. माझे कान तापले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेवढ्याच शांतपणे. मग मी म्हटलं, "अन् मग झाडायचं कधी?"

स्वयंपाकी हसला. कंट्रोलर हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि मालकाला म्हणाले, "ह्येका माका दी, ह्येका माका दी." शिमग्याच्या आधी मी त्यांच्या माडीवर राहायला गेलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्टँडपासून घरापर्यंत कसं यायचं ते कागदावर लिहायला सांगितलं. लिहिलं. जेवण झाल्यावर ते कागद घेऊन खरोखर स्टँडवर गेले आणि कागदात होतं तसे चालत निघाले. संध्याकाळी काकींनी मला शोधायला पाठवलं. ते आमच्या अलीकडच्या घराच्या अंगणात, वाळत घातलेल्या काजूबियांशेजारी छत्री उघडून उभे होते. मी लिहिलं होतं, फणसापाशी आत वळा. फणस दोन होते. "फुडे काय ता तू लिवूक नाय," ते म्हणाले, "म्हणान थांबलंय." दोन-अडीच तास. त्या घरच्या बाईने तेवढ्यात त्यांना दोनदा चहा दिला होता. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसते माझ्यासोबत घरी चालत आले, आणि वाटेत दुसऱ्या फणसाला हात लावून म्हणाले, "ह्यो आमचो."

कंट्रोलरांना कोड लिहिता येत नव्हता, शेवटपर्यंत आला नाही. भाच्याने त्यांना एक जुना लॅपटॉप दिला होता आणि त्यावर कोड लिहून देणारा एआय मदतनीस जोडून दिला होता. त्याला ते पाव्हणो म्हणत. "पाव्हणो हुशार आसा. पन आपल्या घरात मीठ खंय आसा ता तेका कसा कळतला? सांगूक नाय तर साखर घालतलो, आणि वर म्हणतलो, बरां झालां." म्हणून आधी गाऱ्हाणं. कोणाला काय हवं, काय कधीच होता कामा नये, सगळं एकेका वाक्यात. प्रत्येक वाक्याला नंबर. ते वापरणाऱ्या माणसांपुढे वाचायचं आणि कोणी "व्हय" म्हटलं त्याचं नाव समोर लिहायचं. मग मी ते टाइप करून पाव्हण्याला द्यायचो. तो लगेच कोड लिहायला धावला तर कंट्रोलर म्हणत, "थांबव तेका, अजून घंटी मारूक नाय." आधी त्याने आराखडा दाखवायचा, शंका विचारायच्या. त्या शंका वहीत उतरवून परत माणसांकडे न्यायच्या. उत्तरं आली की कामाचे लहान लहान तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर तो कितव्या वाक्यासाठी आहे त्याचा नंबर. नंबर नसलेलं काही पाव्हण्याने आपल्या मनाने करून ठेवलं, कितीही सुंदर असलं, तरी कंट्रोलर ते काढायला लावत. "ह्यो फुकट्या प्रवासी. उतरव, उतरव."

एकदा कणकवलीहून एक दुकानदार आला. त्याला सगळं करणारं ॲप हवं होतं. कंट्रोलरांनी त्याला आंबोळी खायला घातली आणि सांगितलं, "सगळीकडे जाणारी गाडी खंयच जाणा नाय." दोनदा. तो दुसऱ्यांदा सांगायच्या आधीच उठला होता.

मला त्यांनी काय दिलं, ते मोजता येण्यासारखं नाही. शाळेबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. एका फॉर्मवर माझं शिक्षण लिहायचं होतं. मी पेन धरून बसून राहिलो. त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि लिहिलं, "शिक्षण – चालू". काकी रविवारी माझ्या पानात मुद्दाम माशाचा मधला तुकडा वाढायच्या, आणि घरची आठवण येऊन मी मुका झालो की कंट्रोलर मला आमच्या गावच्या एसटीबद्दल विचारत. कुठून निघते, किती वाजता येते, रात्री कुठे राहते. मी सांगायचो, वस्तीची गाडी आहे, आमच्याच गावात राहते, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपतात आणि सकाळी त्याच गाडीने आम्ही शाळेत जायचो. त्यांना हे फार आवडायचं. वस्तीच्या गाड्या पुकारल्या की त्यांची ड्युटी संपायची. "वस्तीची गाडी म्हणजे काय," ते म्हणायचे, "ती परत इली नाय म्हणान कोण रडणा नाय. ती पोचली." हे मला त्यांनी किती वेळा सांगितलं असेल. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मच्छीमारांच्या सोसायटीचं काम आलं. काम सोपं होतं. बोट समुद्रात निघताना तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाने, फोनवर "निघालो" दाबायचं. परत आल्यावर "आलो" दाबायचं. ठरलेल्या वेळेपर्यंत "आलो" आलं नाही तर सोसायटीला आणि त्याच्या घरी मेसेज जाणार. कंट्रोलरांनी जेटीवर उभं राहून गाऱ्हाणं वाचलं. लाटांच्या वर आवाज चढवून वाचलं, आणि चाळीस माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली. मी ते पाव्हण्याला दिलं आणि त्याच्या शंका आल्या. सात होत्या. त्याच सकाळी कंट्रोलर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला निघाले होते, चार दिवसांसाठी. गाडीत बसताना म्हणाले, "शंका घेवन जेटीर जा. उत्तर तुजा नाय, माजा नाय. जो समुद्रात जाता तेचा." दोनदा.

मी गेलो. पहिली शंका वाचली, "बोटीचा ड्रायव्हर मध्येच बदलला तर नोंद कोणाच्या नावावर ठेवायची?"

पाव्हण्याने "चालवणारा" लिहिलं होतं. ड्रायव्हर मीच केलं होतं. जेटीवर एकच हशा झाला. जाळं विणत बसलेला बाबल म्हणाला, "ड्रायव्हर मिळालो, कंडक्टर खंय आसा?" त्याचा थोरला भाऊ, ज्याला सगळे भाई तांडेल म्हणतात, त्याने समुद्राकडे हात करून विचारलं, "तुमच्या थंय पाणी टँकरान येता मां? मगे बघून घे, ह्यो केदो टँकर तो." आणखी कोणीतरी तिकीट मागितलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. हसून झाल्यावर भाईंनी मला बसायला दगड पुसून दिला आणि चहा सांगितला. विचारलं असतं तर साती उत्तरं दहा मिनिटांत मिळाली असती. पण माझे कान तापले होते. चहा न घेता मी परत आलो.

सहा शंकांची उत्तरं मी वहीतूनच शोधून काढली, आणि ती बरोबर होती. सातवी होती, "बोट निघाली त्या बंदराऐवजी दुसऱ्या बंदरात थांबली, तर तिला परत आलेली धरायचं का?"

वहीत उत्तर नव्हतं. जेटी घरापासून चालत सात मिनिटांवर. मी खिडकीत उभा राहिलो, परत येऊन बसलो. मग लिहिलं, "असं होत नाही. बोट निघते तिथेच परत येते."

पाव्हण्याला कंट्रोलरांनीच शिस्त लावली होती. त्याने लिहिलं, "ठीक आहे. मग 'आलो' फक्त मालवण जेटीवरच दाबता येईल असं करतो. पण हे उत्तर बोटीवर जाणाऱ्या कोणी दिलं आहे का?"

मी लिहिलं, "हो." आणि ते उत्तर वहीत चौदावं वाक्य म्हणून उतरवून त्यापुढे भाई तांडेलांचं नाव घातलं. त्या एका यंत्राने मला दुसऱ्यांदा विचारलं होतं, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावरही मी खोटं बोललो.

कंट्रोलर डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परत आले. पंधरा दिवस वाचायला बंदी होती. खाटेवर बसूनच विचारलं, "सगळे व्हय झाले?" मी म्हटलं, झाले. "सगळे व्हय झाले?" झाले.

दोन महिने सगळं उत्तम चाललं. एकदा एक बोट इंजिन बंद पडून लांबली, मेसेज वेळेवर गेला, सोसायटीने दुसरी बोट पाठवून तिला ओढून आणलं. तेव्हापासून बायका म्हणायच्या, कंट्रोलराचो मेसेज म्हणजे देवाचो कौल. मला हे ऐकून आनंद व्हायचा. इतका व्हायचा की चौदावं वाक्य मी विसरलो होतो.

दिवाळीच्या आधी एका दुपारी अचानक वारा सुटला. असा वारा असला की मालवणच्या खडकांत शिरण्यापेक्षा देवगडच्या आडोशाला जाणं बरं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आठ बोटी देवगडला गेल्या. तांडेलांनी तिथून "आलो" दाबलं. फोनने सांगितलं, तुम्ही बंदरात नाही. त्यांनी दोन-तीनदा दाबून पाहिलं, घरी फोन लावला, वाऱ्यात तो लागेना. मग फोन खिशात ठेवून बोटी बांधायला लागले. सहा वाजता आठ घरांत मेसेज गेला, बोट ठरलेल्या वेळेत परत आलेली नाही.

आधीच्या काळी अशा वाऱ्यात बायका म्हणायच्या, देवगडाक गेले असतले, आणि चुलीवर भात ठेवायच्या. त्या दिवशी त्या किनाऱ्यावर धावत आल्या. भाई बोटीवर होते. बाबल घरी होता. भावजयीचा आकांत पाहून त्याने लहान होडी पाण्यात लोटली. खडकांच्या तोंडाशीच लाटेने होडी उचलली आणि त्याचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. माणसांनी त्याला ओढून वाळूवर आणलं, तेव्हा मी तिथेच होतो. पुढच्या अर्ध्या तासात भाईंचा फोन लागला. सगळे सुखरूप होते. भाईंनी बायकोला विचारलं, जेवण काय केलंस.

बाबलला गोव्याला हॉस्पिटलात नेलं. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकायचा राहिला. चालत्या बोटीवर त्या पायाने उभं राहता येत नाही.

आठेक दिवसांनी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. अध्यक्षांनी फार चढ्या आवाजात विचारलं नाही. एवढंच म्हणाले, ह्या चौदाव्या वाक्याक व्हय कोणी म्हटल्यान ता वाचून दाखवा. कंट्रोलर उठले. मी त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. समोरच्या रांगेत भाई तांडेल बसले होते, दाढी वाढलेली, आदल्या दिवशीच गोव्याहून आलेले. कंट्रोलरांनी नवा चष्मा लावला, पान काढलं. भाईंचं नाव माझ्या अक्षरात होतं. ते त्यांनी वाचलं असतं तर भावाचा पाय भावानेच मोडला असं ठरलं असतं, आणि भाई नाही म्हणाले असते तर खोटं माझं ठरलं असतं. मला सोसायटी, मालवण, माडी, काकींच्या हातचं जेवण, सगळं एका क्षणात जाताना दिसलं. मी भिंतीवरचा एक खिळा बघत राहिलो.

कंट्रोलर त्या पानाकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी वही मिटली.

"ह्यो व्हय माझो," ते म्हणाले.

सगळे थांबले. त्यांनी दुसऱ्यांदा म्हणायची सगळ्यांना सवय होती. ते म्हणाले नाहीत.

काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. मेसेज बंद झाले. हॉलमधून आम्ही दोघे चालत घरी निघालो. मी मनात वाक्य जुळवत होतो, प्रत्येक वळणावर म्हणायचं ठरवत होतो. स्टँडवर आचऱ्याकडची शेवटची गाडी लागली होती. ते तिथे थांबले आणि तिची पाटी वाचून म्हणाले, "बोटीकय वस्ती असता रे." एवढंच. मी "हो" म्हटलं. तो "हो" मला आजही ऐकू येतो. त्यापेक्षा गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्यांनी कुठलीच गोष्ट दोनदा सांगितली नाही. आंघोळीला जाताना एकदा सांगत. पाणी मागताना एकदा. पहिल्यांदा मला वाटलं, थकलेत. काकी एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आता एकदाच सांगतत. माका आयकाकच येना नाय." आणि माझ्याकडे बघितलं, किंवा मला तसं वाटलं. मी विहिरीवर पाणी काढायला गेलो, घागरी भरलेल्या असूनसुद्धा.

दुसऱ्या कोणाचं काम त्यांनी घेतलं नाही. मला मात्र लहानसहान कामं मिळवून दिली, शाळेच्या गाडीचं, एका दवाखान्याचं. पाव्हण्यापुढे मी बसायचो, ते मागे खाटेवर. मी चुकून काही विचारलंच तर उत्तर देत, स्वतःहून काही बोलत नसत. मी दर आठवड्याला ठरवायचो की या शनिवारी सांगू. पुढच्या वर्षी गणपती गेल्यावर चार दिवसांच्या तापात ते गेले. त्यांची वही मी नंतर उघडली. चौदाव्या वाक्यापुढचं भाईंचं नाव लाल पेन्सिलीने खोडलं होतं आणि त्याखाली त्यांनी स्वतःचं लिहिलं होतं. पुढेमागे कोणी वही उघडली तर माझं अक्षर भाईंना नडू नये म्हणून.

यंदा सोसायटीचे अध्यक्ष घरी आले. बोटींचं परत सुरू करूया, म्हणाले. तरण्या मुलांना हवंय. मी नको म्हणणार होतो. काकी ताक आणायला म्हणून आत गेल्या होत्या. आतूनच म्हणाल्या, "तो येतलो."

नवं गाऱ्हाणं लिहिलं. नंबर मुद्दाम तेच ठेवले. मालवणी बरी की वाईट, मीच जेटीवर उभं राहून वाचलं. दर वाक्याला "व्हय म्हाराजा" येत होतं. चौदावं आलं, "वारो इलो आणि बोट दुसऱ्या बंदरात वस्तीक रवली, तर ती थंयसून सुखरूप म्हणान सांगतली, आणि घराक तसोच निरोप जातलो."

"व्हय म्हाराजा."

बाबल एका पेटीवर पाय लांब करून जाळं विणत होता. त्याचे ओठ हलले नव्हते.

जो गप्प राहील त्याच्याकडे जायचं, असा नियम. मी वही घेऊन त्याच्यासमोर खाली बसलो. "तुम्ही गप का?" मी विचारलं. तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "ह्या आदी कोणी इचारूक नाय?"

मला कंट्रोलरांचं नाव घेता आलं असतं. वहीत ते होतंच, त्यांच्याच हाताने लिहिलेलं.

"मला विचारायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी आलो नाही. भाईंचं नाव मी लिहिलं. कंट्रोलरांनी काही केलं नव्हतं."

मला वाटलं होतं, कोणीतरी अंगावर येईल. कोणी हललंसुद्धा नाही. भाई तांडेल मागून म्हणाले, "तेवा कंट्रोलर कोल्हापुराक होते, डोळो कापूक. ह्या काय आमका म्हायत नव्हता?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांकडे. सगळ्यांना माहीत होतं. हॉलमध्ये त्या दिवशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या जेटीवर मला परत कोणी ड्रायव्हर म्हणालं नव्हतं आणि मला वाटत होतं, ती थट्टा लोक विसरले. काकींकडे न चुकता येणारी मासळी, रस्त्यात भेटल्यावरचं "जेवलंस मां?", हे सगळं घेत मी त्यांच्यात वावरलो होतो, आपण लपलोय असं समजून.

"तेनी म्हटल्यानी माझो," बाबल म्हणाला. "मगे आमी तेंका खोटे पाडूचे? तू येशीत म्हणान बसलाव. रोज हयसून जायस, मान खाली घालून." त्याने गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "गाडी लेट इली तुझी, ड्रायव्हर."

त्याने जाळं बाजूला सारलं.

"वाच परत," तो म्हणाला.

मी चौदावं वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. माझा आवाज लाटांच्या वर गेला नाही, पण तो समोरच होता.

"व्हय," तो म्हणाला.

मी वही त्याच्या मांडीवर ठेवली आणि पेन दिलं. त्याने आपलं नाव आपल्या हाताने लिहिलं. "म्हाराजा" तो म्हणाला नाही. मी थांबलो नाही त्यासाठी. पंधरावं वाक्य वाचायला उभा राहिलो.